काठावरचा ठिपका

नाही हो, पेंटिंग कसलं! सगळे तसंच समजतात — परवा एक गृहस्थ आले होते, तुमच्या पुण्याचेच, चष्मा वर करून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, मॉडर्न आर्ट दिसतंय, कोणी काढलंय? मी म्हटलं, आंब्याने. हसले बिचारे, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण खरंच आंब्याने काढलंय ते, मी फक्त काच लावली — म्हणजे काचसुद्धा मी नाही लावली, ते सांगते नंतर. जेल म्हणतात त्याला. तुरुंग नव्हे हो! जेली असते ना, तशी पातळ चादर, त्यात आंब्यातली प्रथिनं वेगळी करायची आणि निळ्या रंगात बुडवायची, की असे ठिपके उठतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक प्रथिन. आमचे अण्णा — माझे वडील, मालगुंडला कलमं आहेत आमची — मी मुंबईला संशोधन करत होते तेव्हा ते गावभर सांगत सुटायचे, आमची नम्रता मुंबईला जेलमध्ये असते. झालं! देवरुखहून एक स्थळ यायचं होतं, ते हे ऐकून परस्पर माघारी गेलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, अहो, संशोधन करते हे तरी आधी सांगायचं! तर अण्णा म्हणतात, ते मी सांगणारच होतो गो, पण मंडळी थांबली कुठे?

बसा ना, उभ्या का? ही आंबापोळी खाऊन बघा आधी. घ्या हो, चव बघितल्याशिवाय नेऊ नका, घरी गेल्यावर मला नावं ठेवाल. कशी आहे? साखर कमी आहे ना? बाजारात मिळते ती नुसती साखर असते, पिवळी चामड्याची पट्टी. मी गोडी मोजून घालते, दरवेळी तेवढीच. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी हाताच्या अंदाजाने व्हायची. व्हायची, पण मग एका वर्षीची दुसऱ्या वर्षीसारखी नाही व्हायची, आणि का नाही झाली तेही कळायचं नाही. मला ती सवय जेलनेच लावली, काय करणार.

तुम्ही हापूस कापलाय कधी आणि आत पांढरट, भोकाभोकाचा, आंबूस गर निघालाय? निघालाय ना! त्याला साका म्हणतात. वरून फळ कसं — केशरी, डाग नाही, वास असा की शेजारी विचारेल. आणि सुरी घातली की आत कापूस. बागायतदाराची मान खाली जाते त्याने. अण्णांनी एकदा एका बड्या पाहुण्यांसमोर मोठ्या ऐटीत आंबा कापला होता, आमच्याच पडवीत, आणि निघाला साका. दुसरा कापला, साका. तिसरा हातात घेतला आणि परत टोपलीत ठेवून दिला. मी शाळेत होते, पण तो ठेवलेला आंबा मला अजून दिसतो. तर मी ठरवलं, हे आतल्या आत का होतं ते शोधायचं. बाहेरून कळतच नाही ना, हीच तर गोची आहे. झाडावर हिरवा असतानाच कळलं, या कलमाला या वर्षी साका धरणार, तर माणूस काही तरी करेल — लवकर उतरवेल, लोणच्याला देईल, निदान पाहुण्यांसमोर कापणार नाही!

मग एम. एस्सी. झाल्यावर मुंबईला एका संस्थेत पीएच. डी.ला लागले. बेडेकर सर म्हणून होते मार्गदर्शक. माणूस चांगला, शिस्तीचा — मी कोणाला नावं ठेवत नाही. काम काय सांगू तुम्हाला! आंब्याच्या गरात साखर आणि चिकटा एवढा, आणि प्रथिन म्हणाल तर चिमूटभर. ते वेगळं काढताना जीव जायचा. मग ते एका पट्टीवर पसरायचं. त्या पट्टीच्या एका टोकाला समजा लिंबू, दुसऱ्या टोकाला साबण — प्रत्येक प्रथिन आपापल्या आंबटपणाची जागा शोधून तिथे जाऊन बसतं. मग ती पट्टी जेलच्या डोक्यावर ठेवायची आणि वीज सोडायची, की हलकं खाली पळतं, जड वर राहतं. म्हणून तो फोटो असा आकाशासारखा दिसतो. तर दिसलं मला काय — ज्या कलमांना साका धरतो, त्यांच्या कोवळ्या फळांत, अगदी उजव्या काठाला, साबणाच्या टोकाला, एक ठिपका. चांगल्या कलमांच्या फळांत नाही. बोट ठेवते बघा, हा. हाच तो. आता काचेवर माझ्या बोटांचे डाग पडलेत म्हणून थोडा धूसर दिसतोय — रोज कोणाला ना कोणाला दाखवते ना.

सरांना दाखवला तर म्हणाले, नम्रता, काठाला नेहमी घाण साचते, त्यावर कोणी प्रबंध लिहितं का? मी म्हटलं, सर, प्रत्येक वेळी येतोय. ते म्हणाले, म्हैसूरच्या प्रयोगशाळेचा हापूसवरचाच पेपर आहे, त्यांना कुठे दिसला? मी तो पेपर काढून वाचला. पद्धत काय लिहिली होती माहितीये? प्रमाणित पद्धतीने जेल केले. बस! कसली प्रमाणित? कुणाची? म्हणजे तुम्ही मला सोलकढी विचारलीत आणि मी सांगितलं, नेहमीसारखी करायची — तुम्ही काय कराल? त्या वेळी सगळे तसंच लिहायचे हो. फोटोही कापून-कोरून, मधला चांगला भाग तेवढा छापायचा. समजा माझा बारा नंबरचा ठिपका, तोच दुसऱ्याच्या पेपरात तेहतीस, तिसऱ्याच्या पेपरात नुसता बाण. तिन्ही एकच आहेत की वेगळे, हे कळणार कसं? सर म्हणाले, काठ कापून टाक आणि मधल्यावर लिही. मी... असो. मग लग्न झालं, इकडे आले, ते राहिलं. बायकांचं तसंच होतं ना, तुम्हाला काय सांगायचं.

पण एक मी केलं निघण्याआधी. तेव्हा एक साइट सुरू झाली होती, जगभरचे लोक आपापली जेलं तिथे ठेवणार, कोणीही बघावी, उतरवून घ्यावी. त्यांचा नियम असा, की फोटो अख्खा पाहिजे, एकही कड कापलेली चालणार नाही. आणि सगळी माहिती, सगळ्यांनी एकाच साच्यात द्यायची — फळ कुठलं, कोवळं की पिकलेलं, रस कशात काढला, पट्टी किती आंबटापासून कितीपर्यंतची, रंग कुठला, फोटो कुठल्या यंत्रावर घेतला. एक जरी गोष्ट राहिली तरी साइट परत पाठवायची. सगळे वैतागायचे, आमच्या लॅबमधला विनीत तर म्हणायचा, हे लोक आता माझी जन्मवेळ विचारतील! मी मात्र हट्टाने सगळं भरलं. सरांची परवानगी घेऊन हो, चोरून नाही. ते म्हणाले, टाक, बघतंय कोण? मी फळाच्या गावाखाली मालगुंडसुद्धा लिहिलं. अण्णांची बाग, कातळाच्या बाजूची कलमं. आणि जेलचा फोटो गुंडाळून घरी आले.

दर्शन — माझे मिस्टर — त्यांनी लग्नानंतर माझ्या ट्रंकेत हा फोटो बघितला. म्हणाले, काय सुंदर आहे गं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम करून घेऊन आले. काय आहे, कशाचं आहे, काही विचारलं नाही. दुकान काढलं तेव्हा पहिला खिळा त्यासाठी ठोकला. मी म्हटलं, अहो, इथे गणपती लावतात लोक! तर म्हणे, गणपती बाजूला लावू, त्याला चालतं.

सहा-सात वर्षं झाली. कोणी बघितलं नाही. मीही विसरले — विसरले म्हणजे, दुकान, पल्प, कोकम, मे महिन्यात तर श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एक मेल. फिलिपिन्सहून! नाव लिगाया. मी म्हटलं, लॉटरी लागली म्हणणारे असतात ना, तसलं काही तरी असणार, उडवणारच होते. तर खाली लिहिलेलं — तुमच्या जेलच्या उजव्या काठाला एक ठिपका आहे, तो खरा आहे ना? ताई, मी इथेच उभी होते, या काउंटरपाशी, हातात कोकमाची बाटली. मी ती बाटली गिऱ्हाइकाला द्यायची विसरले, तशीच घट्ट धरून उभी. ते म्हणाले, अहो, माझी आहे ती.

तर झालेलं असं, की त्यांच्याकडच्या आंब्यातही आतून बिघडायचा रोग आहे, आणि तिलाही काठाला तसाच ठिपका दिसत होता, आणि तिच्या मॅडमनी तिला सांगितलेलं, घाण आहे, कापून टाक! शब्दाला शब्द तोच. मग ती त्या साइटवर शोधत बसली आणि तिला मालगुंड सापडलं. तिने माझा फोटो उतरवून आपल्यावर ठेवला — संगणकावर ठेवता येतो तसा, पातळ कागदासारखा — आणि ठिपका ठिपक्यावर बसला. नंबराची भानगडच नाही, दोन्हींचं वजन तेच, आंबटपणा तोच. आणि म्हैसूरवाल्यांना का दिसला नव्हता, तेही तिनेच काढलं. त्यांनीही तोवर आपली जेलं साइटवर ठेवली होती, आणि साच्यात पट्टी लिहावीच लागते ना, तर त्यांची पट्टी होती चारपासून सातपर्यंतची — लिंबाकडून साबणाकडे आकडे चढत जातात. माझी तीन ते दहा. माझा ठिपका बसलेला नऊच्या आसपास! त्यांच्या पट्टीवर ती जागाच नव्हती हो! खाडीत जाळं टाकायचं आणि म्हणायचं, समुद्रात सुरमई नाही. त्यांचीही चूक नाही, त्यांना वेगळंच काही बघायचं होतं, त्यासाठी ती पट्टी बरोबर होती. फक्त कुठली पट्टी ते कोणी लिहीत नव्हतं. एवढ्यासाठी मी... जाऊ दे.

मग काय, लिगाया म्हणाली, ताजी फळं घेऊन पुन्हा करू या. मी म्हटलं, बाई गं, मी आता आंबापोळी करते, माझ्याकडे जेल कुठलं? तर लॅबमधला विनीत आता इथेच रत्नागिरीत कॉलेजात आहे, तो म्हणाला, रविवारी लॅब उघडून देतो, पण बरण्या घासायच्या तूच. घासल्या. एप्रिलात अण्णांच्या बागेतल्या निवडक कलमांची कोवळी फळं काढली, जेलं केली, आणि नुसते फोटो लिगायाला पाठवले. कुठलं जेल कुठल्या कलमाचं ते सांगितलं नाही. तिनेच सांगायचं, कुठल्याला साका धरणार. पहिल्या दिवशी पट्टी चिमट्यात धरवेना. मग एकदा ती जेलवर बसली आणि ताई, काय सांगू, पोहता येणारा माणूस पाण्यात पडावा तसं झालं. विसरलं नव्हतं काहीच. निळा रंग हळूहळू धुऊन निघताना ठिपके वर येतात ना, ते बघत मी जेवायची विसरले. विनीत म्हणाला, घरी जा आता, दर्शन मला ओरडेल.

आणि मग मेमध्ये, त्याच कलमांची राहिलेली फळं आढीत पिकली, आणि ती कापायचा दिवस. पडवीत केळीची पानं मांडली, कलमांच्या नावाने ढीग लावले, आणि मोबाइल पाटावर उभा केला, त्यात लिगाया. तिने मॅडमनाही आणून बसवलेलं. अण्णा धुतलेला सदरा घालून बसले, सुरी घेऊन. मला म्हणतात, तिला मराठी येतं काय गो? नाही अण्णा. मग नमस्कार तरी येत असेल? तिने केला नमस्कार! मग कापायला सुरुवात. पहिला ढीग — लिगाया म्हणाली, साका. अण्णांनी सुरी घातली, उघडला, पांढरा गर. दुसरा, पांढरा. आणि अण्णा हसायला लागले! आयुष्यभर ज्याने साका निघाला की तोंड फिरवलं, तो माणूस फळ फोनसमोर धरून ओरडतोय, हे बघ गो बाय, बघ, सडलाय! आई आतून धावत आली, काय सडलं, काय झालं! चांगली म्हणून सांगितलेली कलमं चांगली निघाली. एक चुकलं. बांधाकडचं एक कलम, लिगाया म्हणाली चांगलं आणि निघाला साका. माझा चेहरा पडला तर अण्णा म्हणतात, ते कलम माझ्या वडलांपासून कोणाचं ऐकत नाही, त्याचं मनावर घेऊ नको. एकाच बागेचं, एकाच हंगामाचं आहे, म्हणजे सिद्ध काही नाही झालं अजून, अजून बागा बघाव्या लागतील, अजून हंगाम. पण आम्ही सगळं साइटवर टाकलं, चुकलेल्या कलमासकट. ते चुकलेलं टाकायचं की नाही यावर लिगायाच्या मॅडम जरा कुरकुरल्या. मी म्हटलं, ते नाही टाकलं तर मीच माझं नाव काढून घेते. टाकलं.

अजून एक तुकडा घ्या. घ्या हो. पुढे काय, पुढे दिवाळीच्या आधी सरांचा फोन आला. बेडेकर सरांचा. मी नंबर ओळखला पण उचलेना, तीनदा वाजू दिला. मग उचलला. म्हणाले, नम्रता, साइटवर बघितलं. मी म्हटलं, हो सर. मग म्हणाले, तो काठ मी कापायला सांगितला होता ना? मी म्हटलं, हो सर. म्हणाले, मी त्या दिवशी ते जेल नीट बघितलंच नव्हतं गं, मला जेवायला जायचं होतं. इतकं साधं! मी एवढी वर्षं काय काय कारणं शोधली होती. मी मंद आहे, माझा हात स्वच्छ नाही, मी गावाकडची, माझं इंग्रजी... आणि त्यांना भूक लागली होती! मला हसू आलं हो फोनवर. मग ते म्हणाले, पीएच. डी. पूर्ण करायला ये. मी निवृत्त होतोय, पण माझ्या जागी येणाऱ्या मॅडमशी बोललोय, जानेवारीपासून जागा आहे, काही महिने मुंबईला राहावं लागेल, मग बाकीचं रत्नागिरीतून कर.

काय म्हणालात? लग्न? हो, लग्न मी परत आल्यानंतर दोन वर्षांनी झालं. दर्शनला मी इथेच भेटले, बँकेत रांगेत. आधी काय म्हटलं मी? लग्न झालं म्हणून सोडलं? असं म्हटलं? ... हुशार आहात हो तुम्ही. सगळ्यांना तसंच सांगते, सवय झालीये. लोकांनाही बरं वाटतं, पुढे विचारत नाहीत. नाही. लग्नाचा काही संबंध नाही. सरांनी काठ कापून टाक म्हटलं, त्याच आठवड्यात मी सामान भरलं. भांडले नाही, रडले नाही, दुसऱ्या पट्टीवर करून दाखवते म्हटलं नाही. नुसती आले निघून. दर्शनलासुद्धा एवढंच माहीत आहे, की फेलोशिप संपली.

आणि सरांचा फोनही त्याला सांगितला नाहीये अजून. कोणालाच नाही. तुम्ही पहिल्या. म्हणजे बघा, तुमचं नावसुद्धा मी विचारलेलं नाही! नाही हो, तो अडवणारा माणूस नाही, तिथेच तर गंमत आहे. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रुसले असते, आणि सगळ्यांना सांगितलं असतं, काय करणार, घरचे सोडत नाहीत. सोपं आहे ते. पण तो म्हणेल, जा. चहा पिता पिता म्हणेल, दुकान मी बघतो, कधीची गाडी काढू? मग मला जावं लागेल. त्या लॅबमध्ये, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांमध्ये, माझा चष्मा घालून. आणि तिथे ठिपका नाही आला तर? दुसऱ्या बागेत, दुसऱ्या हंगामात, नाहीच आला तर? इथे निदान रोज लोकांना बोट ठेवून दाखवते, हा बघा, हा माझा. त्यावर कोणी काही म्हणत नाही. तुम्हीसुद्धा किती छान ऐकून घेतलंत.

हं? नाही, मला काही नको, पाणी आहे इथे. धूळ गेली डोळ्यात, रस्त्याचं काम चाललंय ना बाहेर.

अगं बाई, आलाच तो. टेम्पोचा आवाज ओळखते मी. थांबा, तुमची पिशवी — आंबापोळीचे चार पुडे, कोकमाच्या आगळाची बाटली उभी ठेवा, आडवी केलीत तर बॅगेतल्या सगळ्या साड्या लाल होतील. काय? नाही, तुम्ही सांगू नका. बोलायचंच नाही तुम्ही काही, हसायचंही नाही. मी सांगते. आता सांगते, नाही तर परत मे येईल.

काय हो, आज लवकर? नाही, या ताई निघाल्याच आहेत. ते क्रेट राहू देत टेम्पोत, नंतर उतरवू. राहू दे म्हटलं ना! दर्शन, जरा बस इथे. नाही, कोणाला काही झालेलं नाही. बस फक्त.

निघा ताई तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या.